मयेकर काका आणि चार वर्षांचा देश

व्यक्तिचित्रं बहुधा गेलेल्या माणसांची लिहितात. मयेकर काका गेलेले नाहीत. वेंगुर्ल्याला असतात, ठणठणीत आहेत, सकाळी समुद्रावर फिरून येतात, असं त्यांची मुलगी मेधा सांगते. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. फक्त लावायचा आहे. वर्ष होत आलं, मी तो लावलेला नाही आणि लावत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे. यात शूरपणा काही नाही हे मला कळतं.

काकांची माझी ओळख झाली ती मसालेभाताच्या रांगेत. दोन हजार चारचा गणपती. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम होता आणि आरतीनंतर जेवणाची रांग लागली होती. टेबलामागे निळी सुती टोपी घातलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ भात वाढत होते. माझी पाळी आली. त्यांनी डाव भरला, उचलला आणि तसाच हवेत धरून ते थांबले. डोळे अर्धे मिटलेले, मान जराशी डावीकडे कललेली. मी ताट पुढे केलं. मागे घेतलं. परत पुढे केलं. भात काही पडेना.

"काका, भात?" मी विचारलं. 

माझ्या मागची बाई घाबरली. "अगं, यांना स्ट्रोक वगैरे आलाय का? कोणीतरी नाइन वन वन कॉल करा." तेवढ्यात मेधा पापडाची परात घेऊन आली, तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, पावणेसात झालेत. तीन मिनिटं थांबा, बाबा येतील परत." तिची आठ वर्षांची ईशा तिच्या कमरेला लटकून म्हणाली, "आजोबा इज बफरिंग."

बरोबर तीन मिनिटांनी काकांनी डोळे उघडले. "कुणाची हाक नाही. सगळे सुखरूप," असं स्वतःशीच म्हणाले आणि डावभर भात माझ्या ताटात पडला. तो गार झाला होता.

मयेकर काका तीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. त्या काळी समुद्रावर एक नियम होता. दर तासाला दोनदा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, जगातल्या सगळ्या जहाजांनी आपापले संदेश थांबवायचे आणि तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. कुणी संकटात असेल तर त्याचा क्षीण आवाज बाकीच्यांच्या गलक्यात बुडून जाऊ नये म्हणून. "त्या तीन मिनिटांत फक्त बुडणाऱ्यानं बोलायचं," काका सांगायचे. "बाकीच्यांनी गप." रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर ते दोन तुकडे तांबडे रंगवलेले असत. उपग्रह आले, तारायंत्र गेलं, काकाही निवृत्त झाले, पण सवय काही सुटली नाही. काकू गेल्यावर ते मुलीकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर ईशाच्या स्केचपेननं ते दोन तुकडे रंगवून टाकले. भारतातून आलेल्या आईवडिलांना वेळेचा फरक फार छळतो, काकांना नाही. "फरकात वरचा अर्धा तास आहे ना," ते म्हणायचे, "म्हणजे इथले पंधरा ते तिथले पंचेचाळीस. काहीच बदललं नाही गो."

मी तेव्हा शेजारच्या वुस्टरला एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. मेधा माझ्याच टीममध्ये होती आणि तिचं घर आमच्या अपार्टमेंटपासून चालत सात मिनिटांवर. माझे वडील नागपूरला लवकर गेलेले. रविवारी सकाळी काकांकडे चहा प्यायला जायचं हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण ठरलं. निखिल, म्हणजे माझा नवरा, रविवारी अकरापर्यंत झोपायचा, त्यामुळे कुणाची अडचण नव्हती.

काकांना गप्पांची एक पद्धत होती. आपलं बोलून झालं की टेबलावर बोटानं एक लांब, एक आखूड, एक लांब अशी टकटक करायचे. तारेच्या भाषेत त्याचा अर्थ, माझं संपलं, आता तू बोल. टकटक होईपर्यंत मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे आणि टकटक झाल्यावर गप्प बसलेलंही. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्येही वाटायला लागलं, या लोकांना ही टकटक कुणीतरी शिकवायला हवी होती.

दुसरं वेड नोंदींचं. रोजची हवा, बर्फ किती इंच, शेजारच्या आजोबांनी आज गाडी किती वाजता काढली, ईशाचा दात पडला, सगळं एका वहीत. माणूस खोटं बोलेल, विसरेल, मरेल, पण जे लिहिलंय ते लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. "नोंद पाहिजे" हे दोन शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा तरी यायचे. वहीत तर्क लिहायचा नाही, हा त्यातला आणखी एक नियम. जे पाहिलं ते लिहायचं, जे ठाऊक नाही तिथे 'ठाऊक नाही' लिहायचं.

आणि तिसरं वेड म्हणजे त्यांचा देश. मालदीवच्या दक्षिण टोकाला अड्डू, हुवधू आणि फुवामुला अशी बेटं आहेत. एकोणीसशे एकोणसाठ साली तिथल्या लोकांनी राजधानी मालेच्या सरकारशी फारकत घेतली आणि स्वतःचं प्रजासत्ताक काढलं, सुवादीव नावाचं. झेंडा निळा, हिरवा, तांबडा. एक अध्यक्ष, एक कौन्सिल, सुकी मासळी विकायला एक व्यापारी मंडळी. हा देश चार वर्षं जगला. एक अख्खं बेट मालेच्या लोकांनी रिकामं केलं, माणसं होड्यांतून इकडेतिकडे पांगली. शेजारी ब्रिटिशांचा विमानतळ होता, आधी त्यांनी गोड बोलून घेतलं आणि मग हळूच पाठ फिरवली. अध्यक्ष सेशेल्सला निघून गेले. संपलं. जगात कुणी त्यांना मान्यता दिली नव्हती, त्यामुळे कुणाला ती काढूनही घ्यावी लागली नाही. "वाईट माणसांनी नाही बुडवला तो देश," काका म्हणायचे, "सभ्य माणसांनी बुडवला. नाही कुणीच म्हटलं नव्हतं त्यांना. सगळे म्हणायचे, बघू."

या देशाचा मराठीतला इतिहास काका लिहीत होते. अमेरिकन पिवळ्या पॅडवर, निळ्या बॉलपेननं, गोल अक्षरात. गावातल्या लायब्ररीच्या बाई त्यांच्यासाठी कुठून कुठून पुस्तकं मागवून द्यायच्या. कोलंबोच्या जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, एका निवृत्त ब्रिटिश वैमानिकाची पत्रं, अड्डूचा हातानं काढलेला नकाशा, सगळं त्यांनी चाळीस वर्षं सांभाळून आणलेलं होतं. मंडळाच्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमात एकदा त्यांना दहा मिनिटं मिळाली. ते नकाशा टांगेपर्यंत लोक पावभाजीकडे वळले. उरलो मी, मेधा आणि तेव्हा आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई, त्याही झोपलेल्या. काकांनी दहाच्या जागी पंचवीस मिनिटं घेतली. परत येताना गाडीत म्हणाले, "वीस हजारांचा देश, तीन श्रोते. प्रमाण वाईट नाही."

"काका, पण हाच देश का?" मी एकदा विचारलं.  दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी चहा ओतता ओतता बोलायला लागले.

बासष्ट साली काका चोवीस वर्षांचे होते. त्यांचं जहाज कोलंबोहून त्या ब्रिटिश विमानतळासाठी सिमेंट घेऊन अड्डूला गेलं आणि इंजिन बिघडल्यामुळे अकरा दिवस तिथेच अडकलं. प्रजासत्ताकाच्या कचेरीत इब्राहिम नावाचा एक कारकून होता, काकांच्याच वयाचा. त्याला तारेची भाषा थोडी थोडी येत होती. दोघांची दोस्ती झाली. काका त्याच्या घरी जेवले, मासळीचा पातळ रस्सा आणि भात, "अगदी आमच्यासारखा, फक्त कोकम नाही." सातव्या दिवशी इब्राहिम एक कागद घेऊन जहाजावर आला. कागदावर इंग्रजीत अकरा ओळी होत्या. आम्ही आहोत, आमचा देश आहे, आमची माणसं हाकलली जाताहेत, कुणीतरी ऐका. हे तुमच्या यंत्रावरून जगाला पाठव, एवढंच त्याचं मागणं होतं.

"नियम असा होता की कॅप्टनच्या परवानगीशिवाय असलं काही पाठवायचं नाही," काका म्हणाले. "पाठवलं असतं तर माझं लायसन जातं. मी म्हटलं, हो, कॅप्टनला विचारतो."

"मग ते नाही म्हणाले?"

"मी विचारलंच नाही."

इब्राहिम पुढचे तीन दिवस रोज होडीनं यायचा. रेडिओच्या खोलीबाहेर लोखंडी पायरीवर बसायचा. एकदाही त्यानं विचारलं नाही की पाठवलंस का. चौथ्या दिवशी इंजिन दुरुस्त झालं, जहाज सुटलं. इब्राहिम होडीत उभा राहून हात हलवत होता, हसत होता. "त्याला वाटलं असणार, पाठवलाय," काका म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसरं जहाज गाठलं असतं. मी हो म्हटलं नि बसून राहिलो. पुढच्या वर्षी कोलंबोला पेपरात वाचलं, तो देश संपला." आणि मग त्यांनी टेबलावर टकटक केली. लांब, आखूड, लांब.  मी बिस्किटांची प्लेट पुढे सरकवली.

हे सगळं मला माहीत होतं. हो म्हणून बसून राहण्याची किंमत मला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. तरीही पुढचं घडलं.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात हस्तलिखित पूर्ण झालं. चौदा पॅड. काकांनी झेरॉक्स काढायचं म्हटलं तर मीच अडवलं. "काका, झेरॉक्स कशाला? ऑफिसमध्ये चांगला स्कॅनर आहे, मी सगळं स्कॅन करून तुम्हाला सीडी देते. नेक्स्ट वीकेंड नक्की." तो पुढचा वीकेंड वर्षभर आला नाही. एकदा ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, एकदा पाहुणे होते, एकदा आम्ही नायगारा बघायला गेलो. काका आठवण करायचे नाहीत. चौदा पॅड कापडी पिशवीत घालून दाराशेजारच्या खुर्चीवर ठेवलेले असायचे, मी आले की दिसावेत म्हणून. मी दर रविवारी नव्यानं लाजायचे आणि दर सोमवारी विसरायचे.

मग काकांच्या जहाजावरच्या एका जुन्या मित्राच्या ओळखीतून पुण्याचे एक प्रकाशक वाचायला तयार झाले. मी डिसेंबरात भारतात जाणार होते, पुण्यात दोन दिवस मुक्काम होता. काकांनी पिशवी माझ्या हातात दिली. "स्कॅन राहिलं," मी म्हटलं. "परत आल्यावर कर," ते म्हणाले. "आता तर ती छापायलाच चालली."

इथून भारतात जाणाऱ्या माणसाच्या बॅगा कधीच त्याच्या एकट्याच्या नसतात. कोण जातंय हे कळलं की फोन सुरू होतात. माझ्या दोन बॅगांत एकीच्या सासूबाईंसाठी काचेच्या प्लेटा होत्या, एकाच्या वडिलांच्या गुडघ्याच्या गोळ्या, एकाच्या भाच्याचा लॅपटॉप, बदाम, चॉकलेटं, शाम्पू. निखिलनं बाथरूमच्या काट्यावर बॅग धरून उभं राहून वजन केलं, स्वतःचं वजा केलं. दोन्ही एकोणसत्तर पौंड. आम्ही एकमेकांना टाळी दिली. सत्तर पौंडांचा आकडा आमच्या सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला की तिकिटावर काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. बॉस्टनच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं सांगितलं, आता पन्नास.

मागे रांग. आम्ही दोघं फरशीवर, बॅगा उघड्या टाकून, एकेक वस्तू बाहेर काढतोय. बदाम, चॉकलेटं, शाम्पू, माझे कपडे निघाले, हातातली बॅगही ठासून भरली, तरी थोडं जास्तच होतं. काय ठेवायचं, काय काढायचं ते मला सेकंदात ठरवायचं होतं आणि मी ते ठरवलं. प्लेटा काढल्या तर पाठवणारी वर्षभर ऐकवेल. गोळ्या काढता येत नव्हत्या. लॅपटॉप निघाला तर तो भाचा नागपूरला फोन करकरून जीव खाईल. जो माणूस मला काही बोलणार नाही त्याची वस्तू मी काढली. इतकं साधं गणित होतं ते. चौदा पॅड सात पौंड भरले.

"गाडीत ठेव, मी परत आले की कुरिअर करू," मी निखिलला म्हटलं. तो म्हणाला, "डोंट वरी यार, तू जा." त्यानं पिशवी डिकीत ठेवली. डिकीत आधीपासून जुन्या कपड्यांच्या चार पिशव्या होत्या, किराणा दुकानाच्या पार्किंगमधल्या दानपेटीत टाकायच्या म्हणून महिनाभर फिरत असलेल्या.

नागपूरला पोचल्याच्या आठव्या दिवशी काकांचा फोन आला. फोनकार्डावरून, आवाज दूरचा, मधे मधे तुटणारा. "पुण्याला जाऊन आलीस का गो? दिलंस?"

मी खरं सांगू शकले असते. काका, वजन जास्त झालं, राहिलं. एवढंच. ते म्हणाले असते, बरं. पण आई शेजारी बसलेली, घरात पाहुणे, आणि पॅड तर सुखरूप डिकीत आहेत, महिन्याभरात कुरिअरनं जातीलच असं डोक्यात. मी म्हटलं, "हो काका, दिलं."

"शाब्बास," ते म्हणाले. "नोंद करतो."

जानेवारीत परत आले आणि डिकी उघडली. ती रिकामी होती. निखिलनं नाताळच्या आधी एका शनिवारी सगळ्या पिशव्या दानपेटीत टाकल्या होत्या. पाच पिशव्या. त्याचा चेहरा बघून मला त्याच्यावर ओरडताही आलं नाही. आम्ही त्या पेटीवरच्या नंबरवर फोन केला, गोदामात गेलो, एका भल्या माणसानं आम्हाला अर्धा तास हिंडवून दाखवलं. कपडे वेगळे होतात, तो म्हणाला, कागद रिसायकलिंगला. हुवधू, फुवामुला, इब्राहिमच्या घरचा मासळीचा रस्सा, सगळं. येताना गाडीत निखिल म्हणाला, "आपण जाऊन सांगू त्यांना. दोघं जाऊ." मी म्हटलं, "मी सांगते. मला सांगू दे." रविवारी गेले. काकांनी चहा ओतला आणि विचारलं, "काय म्हणतात प्रकाशक?" मी म्हटलं, "वाचताहेत."

ते वाचतच राहिले. जानेवारीभर, फेब्रुवारीभर. दर रविवारी काका विचारायचे, मी प्रकाशकांच्या वतीनं उत्तर द्यायचे. त्यांचे डोळे दुखताहेत. ते गावाला गेलेत. त्यांना सुरुवात आवडली. हे शेवटचं कशाला म्हटलं ते देव जाणे. काकांचा चेहरा असा उजळला की त्यांनी ईशाला हाक मारली आणि सांगितलं, "आजोबांची सुरुवात आवडली म्हणे पुण्यात." ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "कूल." घरी येऊन मी न्हाणीघरात बसून रडले आणि त्यानंही काही फरक पडला नाही.

मार्चच्या मध्यापासून काकांनी विचारणं बंद केलं. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. म्हातारा माणूस आहे, वाट बघून थकला असेल, विसरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. काका चहा ओतत, बर्फाचं सांगत, पावणेअकराला गप्प बसत, सगळे सुखरूप म्हणत. सगळं पहिल्यासारखं. फक्त ते आता स्वयंपाकघरातल्या टेबलाऐवजी आपल्या खोलीत लिहीत बसत आणि मी आले की दार ओढून बाहेर येत.

ऑक्टोबरात त्यांनी वेंगुर्ल्याला परत जायचं ठरवलं. थंडी सोसत नाही म्हणाले, पण थंडी त्यांना चार वर्षं सोसली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी मेधाच्या मदतीला गेले. ती खाली काटा शोधत होती. मी काकांच्या खोलीतले कपडे घड्या घालून ठेवत होते आणि टेबलावर पिवळं पॅड दिसलं. वरती तेच शीर्षक, तेच गोल अक्षर, फक्त हात थोडा कापरा. शेजारी आणखी चार पॅड. पहिल्याच्या पुठ्ठ्यावर, त्यांच्या सवयीप्रमाणे, तारखेखाली नोंद होती. मार्चमधली तारीख.

'पुण्यास फोन. हस्तलिखित पोचलेले नाही. कारण ठाऊक नाही. पुन्हा आरंभ.'

मी ती चार वाक्यं कितीदा वाचली सांगता येत नाही. त्यात माझं नाव कुठेही नव्हतं. सात महिने हा माणूस मला दर रविवारी चहा पाजत होता, आत जाऊन पहिल्या पानापासून तेच सगळं आठवून आठवून परत लिहीत होता, आणि वहीत तर्क लिहायचा नाही म्हणून त्यानं माझ्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. इब्राहिमची ती पायरीवर बसण्याची जागा आता त्यांनी घेतली होती. आणि रेडिओच्या खोलीत मी. मी पॅड होतं तसं ठेवलं. मेधा काटा घेऊन वर आली आणि आम्ही बॅगेचं वजन केलं. सेहेचाळीस.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी ऑफिसला सुट्टी टाकली, गाडीत मेधाशेजारी बसले. रात्रभर मनात जुळवलेलं वाक्य होतं, साधं, चार शब्दांचं: काका, ते मी हरवलं. विमानतळ तोच. काउंटर तोच. मी जिथे बॅग उघडून बसले होते त्या फरशीवर एक कुटुंब त्यांचे कोट घड्या घालत होतं. बॅग गेली, पास मिळाला, मेधा ईशाला घेऊन बाथरूमला गेली. मी आणि काका ट्रॉलीपाशी उरलो. पाच पॅड त्यांनी बॅगेत घातले नव्हते. त्याच कापडी पिशवीसारख्या दुसऱ्या पिशवीत छातीशी धरले होते.

"बर्फ पडायच्या आत निघालो, बरं झालं," काका म्हणाले. "तुमच्या त्या लायब्ररीतल्या बाईंना माझा नमस्कार सांग. नकाशाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवली आहे." मग थांबले आणि ट्रॉलीच्या दांडीवर बोटानं वाजवलं. लांब, आखूड, लांब.

मी म्हटलं, "काका, बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत घेतल्यात ना?"

"घेतल्या," ते म्हणाले.

समोरच्या घड्याळात पावणेतीन झाले. काकांनी डोळे अर्धे मिटले, मान डावीकडे कलती केली. सभोवार घोषणा चालल्या होत्या, चाकं खडखडत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि ते उभे होते, ऐकत. ही तीन मिनिटं कुणाची असतात ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. दुसऱ्या मिनिटाला मी 'काका' म्हणण्यापुरते ओठ हलवलेही. मग घड्याळाच्या मिनिटकाट्याकडे बघत राहिले. तो सेहेचाळीस ओलांडून गेला, सत्तेचाळीसही. मेधा आणि ईशा समोरून येताना दिसल्या.

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, रागावून नाही, वाईट वाटूनही नाही, नेहमी चहा ओतून झाल्यावर बघायचे तसंच. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"कुणाची हाक नाही," ते म्हणाले. "सगळे सुखरूप."

मग ते तपासणीच्या रांगेत गेले. बूट काढले, टोपी काढली, पट्टा काढला, सगळं ट्रेमध्ये ठेवलं. पिशवी तेवढी ठेवेनात. तिथल्या माणसानं दोनदा हात पुढे केला तेव्हा त्यांनी ती स्वतः सरकत्या पट्ट्यावर ठेवली आणि ती आत जाऊन पलीकडून बाहेर येईपर्यंत मोजे घातलेल्या पायांनी तिच्या बरोबरीनं चालत राहिले.